कावळा कुणाच्या शब्दावर शिवला

प्रिय आई,

उद्या सकाळी मी निघते आहे. जर्मनीला. बॅग भरून झाली, कागदपत्रं पुन्हा पुन्हा बघून झाली, आता फक्त तुला विचारायचं राहिलं आहे. आबा उसाला पाणी द्यायला गेलेत, दिवस मावळेपर्यंत काही येत नाहीत. घरात मी एकटीच आहे. फोटोसमोर उभी राहिले की बोलणं अर्धंच राहतं. म्हणून म्हटलं, लिहून टाकावं.

आणि थोडं भांडायचंही आहे. तू कधी भांडणाला मागं हटली नाहीस, मग आता अशी गप्प का गं?

खरं म्हणजे जर्मनीचं हे खूळ तूच माझ्या डोक्यात घातलंस! बारामतीत नर्सिंगची पदवी हातात पडली तेव्हा माझं सगळं ठरलेलं होतं. तिथंच एखाद्या दवाखान्यात लागायचं, सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं, आणि तुझ्या हातचं खायचं. पण माझ्या पुढच्या वर्गातली सणसरची मुलगी तिकडं गेली, तिच्या आईची आणि तुझी इंदापूरच्या बाजारात गाठ पडली, आणि तू घरी आलीस ती पिशवी खाली न ठेवताच सुरू झालीस.

"स्वाते, तितं नर्सबाईला लई मान हाय म्हनं. डाक्टर बी अगं-तुगं करत न्हाय."

"आई, तिथली भाषा शिकावी लागते. वर्ष जातं त्यात."

"मग शिक की. का तिथली लोकं आईच्या पोटातनं शिकून येत्यात?"

मग काय! पुण्यात क्लास लावला. शनिवारी घरी आले की तू धार काढायला बसायचीस आणि मला गोठ्यातच धडा म्हणायला लावायचीस. मी एक वाक्य म्हणायचे, माझ्यामागोमाग तू. तुझ्या तोंडून ते जर्मन अस्सल आपल्याकडचं होऊन बाहेर पडायचं. चंद्री मान वळवून बघायला लागली की म्हणायचीस, "हिला माझ्याआधी यील बघ." मी हसून हसून चाऱ्याच्या ढिगावर बसायचे. तेव्हा मला वाटायचं, आईला हौस आहे. आता वाटतं, मी ज्या भाषेत जाणार, तिचे शब्द तुला आधी स्वतःच्या तोंडात घोळवून बघायचे होते.

पासपोर्टसाठी पुण्याला गेलो तो दिवस आठवतो? मी आत, तू बाहेर फुटपाथवर डबा मांडीवर घेऊन बसलेली. मी बाहेर आले तर तुझी शेजारच्या बाईशी ओळख होऊन तिच्या सुनेचं माहेरही कळलं होतं! परतीच्या एसटीत पाटस मागं पडल्यावर तू एकदम म्हणालीस, "मला कुणी इचारलं न्हाय कुठं जायाचं ते. काटेवाडीतनं उठले आन् हितं आले, एवढाच माझा परदेस. तू इचारून, बघून, सवताच्या पायानं चाललीस. मला लई बरं वाटतंय." आणि खिडकीकडं तोंड करून बसलीस. तू रडत होतीस का? मी विचारलं नाही. आपल्या घरात असलं कुणी कुणाला विचारत नाही.

पण आई, आणखी एक दिवस आहे, आणि तो मला छळतो. आपण दोघी अंगणात गवार मोडत बसलो होतो. तू वर न बघता म्हणालीस, "आन् मी जाऊ नगं म्हनलं तर गं?" माझे हात थांबले. तू लगेच हसलीस. "आगं, थट्टा केली. तोंड बघ कसं केलंय." मी पण हसले. भाजी झाली, जेवणं झाली, विषय गेला. ती थट्टाच होती ना? खरं सांग. तू असतीस तर ते बोलणं मी केव्हाच विसरून गेले असते. तू गेलीस आणि ते मात्र मागं राहिलं.

किती घाईनं गेलीस! दिवाळी होऊन गेली होती, कारखान्याचं गाळप सुरू झालं होतं, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. सकाळची धार काढता काढता तू छातीला हात लावलास आणि आडवी झालीस. आबांनी आणि शेजारच्या घरातून धावत आलेल्या तात्यांनी तुला जीपमध्ये घातलं, बारामतीच्या रस्त्याला लागले, आणि बारामती यायच्या आत सगळं संपलं. मी पुण्यात क्लासमध्ये बसले होते. आम्हाला त्या दिवशी रुग्णाच्या नातेवाइकांशी कसं बोलायचं ते शिकवत होते. धीर द्यायची सगळी वाक्यं मी वहीत उतरवून घेतली होती, आणि त्यातलं एकही त्या दिवशी आबांना सांगायला उपयोगी पडलं नाही. आई, मी नर्स आहे गं. छातीत दुखणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला येतं. तुझ्याजवळ असायला हवं होतं मी!

आता तुझ्या दहाव्याचं सांगते.

नीरेच्या काठी मांडव घातला होता. तुला आवडणार नाही इतकी गर्दी होती. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सोसायटीचे चेअरमन बोलले, माजी सरपंच बोलले, पुढच्या निवडणुकीला उभं राहायची इच्छा असलेले सगळे बोलले. एका पाहुण्यानं तर माईकवरून तुला 'शांताबाई' करून टाकलं. मागून कुणीतरी "सुमनबाई, सुमनबाई" म्हणून ओरडलं, तरी गडी थांबेना. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

मग पिंड ठेवला. शेजारी तुझ्या आवडीचं सगळं मांडलं होतं: मेथीची भाजी, बाजरीची भाकरी, शेव, आणि कपभर चहा. सगळी माणसं मागं सरली. कावळे पलीकडच्या बाभळीवर बसलेले दिसत होते, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. गुरुजी म्हणाले, बाईंचा जीव कशात तरी अडकलाय, बोला काय बोलायचं ते.

मग एकेक जण हात जोडून पुढं यायला लागला. काकू म्हणाल्या, "चंद्रीला इकत न्हाय, जाऊबाई." कावळा हलला नाही. मामा काटेवाडीहून आले होते, ते म्हणाले, "भाचीचं लगीन थाटात करतो." नाही. कुणी म्हणालं, देवळाच्या कामाला हातभार लावू. त्याचंही कुणी ऐकलं नाही. मला नुसतं दिसत होतं की तू उपाशी आहेस.

शेवटी तात्या पुढं झाले. तात्यांना तू नुसती वहिनी नव्हतीस, ते मला माहीत आहे. तू लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा ते शाळेत होते. त्यांचा डबा तू बांधायचीस, नापास झाले तेव्हा आजोबांच्या रागातून तूच वाचवलंस. त्या दिवशी ते हात जोडून उभे राहिले आणि रडत रडतच मोठ्यानं म्हणाले,

"वैनी, पोरगी कुठं जायाची न्हाय. दादाला एकलं टाकायची न्हाय ती. माझा शबुद हाय तुला."

आणि बाभळीवरून एक कावळा उठला. सरळ आला. पिंडाला शिवला.

सगळ्या काठावरून एकच सुस्कारा निघाला. बायका रडायला लागल्या. तात्या तर मुसमुसत खालीच बसले. आणि मी? तू जेवलीस याचा मला आनंद झाला होता, आणि तुझ्या घासात माझं जाणं संपलं होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. अशा वेळी माणसानं काय करायचं असतं, आई?

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं: सुमनबाईंचा जीव पोरीत होता. लोक मला बघून डोळे पुसायला लागले. मी माझ्या परीनं वाद घालून पाहिला. मनात म्हटलं, माईक ओरडत होता म्हणून कावळे बुजले होते, माईक बंद झाला, गर्दी शांत झाली, म्हणून आला. मी विज्ञान शिकलेली मुलगी आहे. पण गवार मोडतानाचं तुझं ते वाक्य पुढं यायचं, आणि माझं विज्ञान खाली मान घालून बसायचं. तुझ्या मनात खरंच तेच असेल तर?

मग मी जर्मनचं पुस्तक माळ्यावर टाकलं. तिकडच्या ज्या हॉस्पिटलनं मला आधीच निवडलं होतं, त्यांनी कळवलं, तुमच्या घरचं समजलं, वाईट वाटलं, थोडे महिने जागा ठेवतो. मी त्यांना धड हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बारामतीत एका दवाखान्यात लागले. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. सगळं मी आधी ठरवलं होतं अगदी तसंच झालं, फक्त घरी आल्यावर तू नव्हतीस.

आबांचं सांगू? आबा आधीच कमी बोलायचे, आता तर सगळं खुणांवर आलं. चहा करायला शिकले. साखर दर वेळी विसरतात, आणि आम्ही दोघंही न बोलता तसाच पितो. गोठ्यात मात्र तुझ्या जागी बसतात आणि चंद्रीशी बोलतात, मी दारात आले की थांबतात. एकदा त्यांना ताप आला. मी रजा टाकून बसले, तेव्हा पलीकडच्या आळीतली आत्याबाई बघायला आली आणि जाता जाता म्हणाली, "बरं झालं बाई थांबलीस. तिकडच्या म्हाताऱ्यांचं करत बसली आसतीस आन् हितं बापाच्या तोंडात पाणी घालाया कुणी नसतं." मी तिला चहा दिला. ती गेल्यावर गॅस बंद करायचंही मला सुचेना. ती चूक बोलत नव्हती ना, हेच तर अवघड होतं.

उन्हाळ्यात माळ्यावरची गोणपाटं काढायला आबा वर चढले. खाली उतरले तेव्हा हातात माझं जर्मनचं पुस्तक. धोतराच्या सोग्यानं धूळ पुसली, गोठ्यात आले, मी धार काढत होते तिथं शेजारी उकिडवे बसले.

"ह्ये वर का टाकलंस?"

"आता काय करायचंय त्याचं? आईला शब्द दिलाय ना."

"कुनी दिला?"

"तात्यांनी. तुम्ही होतात की तिथं."

आबा पुस्तकाची पानं चाळत राहिले. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मग म्हणाले, "आन् मी दिलेला?"

मी धार थांबवली.

"तात्या मोठ्यानं बोलला. मी मनात बोलत व्हतो. म्हनलं, सुमन, तुझी पोरगी मी धाडतो. तू म्हनली व्हतीस तशी धाडतो. हितं घुटमळू नगं, जा आता. माझं म्हनून संपलं आन् कावळा उठला."

"आबा!" मी ओरडलेच. "मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"चारचौघांत भावाला खोटं पाडू व्हय? रडत व्हतं त्ये."

"नंतर सांगायचं होतं. इतके महिने गेले!"

आबा उठून चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. मला वाटलं, झालं, एवढंच बोलणार. पण ते बोलले, आई. माझ्या आयुष्यात मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"मला बी वाटलं तू ऱ्हावंस. तात्यानं शबुद दिला, कावळा शिवला, तू बी गप ऱ्हायलीस. म्हनलं, आपन न मागता मिळालंय, तोंड कशाला उघडायचं? रोज सांजच्याला तुझ्या यष्टीची वाट बघायची, तू आलीस की बरं वाटायचं. पर तू जेवताना बघतो मी. ताटात बघून जेवत न्हाईस. आन् तुझी आई सपनात बी येत न्हाय माझ्या. रागावली आसंल. तिला दिलेला शबुद मीच दाबून बसलोय."

मी तशीच दुधाच्या हातांनी त्यांच्या गळ्यात पडले. लहानपणानंतर पहिल्यांदा. दोघंही खूप रडलो. तुझा दहावा खरा म्हणजे त्या दिवशी झाला बघ.

त्याच संध्याकाळी आबा सदरा घालून तात्यांकडं गेले. शेजारच्या घरी जायला सदरा! मीही मागून गेले, दारातच उभी राहिले. आबांनी सगळं सांगितलं. तात्या आधी रागानं लाल झाले, मग त्यांचं तोंड पार उतरलं. म्हणाले, "मग वैनीनं कुनाचं ऐकलं म्हनायचं, दादा? तुझं का माझं?"

आबा म्हणाले, "जल्मात माझं ऐकलं न्हाय तिनं. ह्ये एक ऐकलं आसंल."

तात्या हसायला गेले आणि ढसाढसा रडले. मग डोळे पुसून मला आत बोलावलं. "माझा शबुद दादाला एकलं न टाकायचा बी व्हता," ते म्हणाले. "तेवढा मी पाळतो. तुझ्या बापाचं ताट आजपास्नं माझ्या घरात. तू जा." काकूंनी आतून आवाज दिला, "आन् ताट कोन वाढनार, त्ये बी इचारा की!" पण दुसऱ्या दिवशी सकाळी आबांसाठी पहिली भाकरी त्यांनीच टाकली. उद्या विमानतळावर सोडायलाही तात्याच येणार आहेत.

तर असं सगळं झालं आहे. हॉस्पिटलनं जागा ठेवली होती, भाषेची राहिलेली परीक्षा दिली, व्हिसा आला, लोकांचं बोलणं अजून चालू आहे. वर्षश्राद्धाच्या आत समुद्र ओलांडते म्हणून आत्याबाई माझ्याशी बोलत नाही. ते सगळं मी सोसेन.

मला सोसत नाही ते वेगळंच आहे. मनात एक शंका येते आणि ती तुझ्याशिवाय कुणाला विचारू? आबांनी त्या दिवशी नीरेकाठी खरंच मनात ते म्हटलं होतं का गं? की माळ्यावर धूळ खात पडलेलं पुस्तक बघून, माझं तोंड बघून, मला सोडवायला म्हणून गोठ्यात बसल्या बसल्या रचलं? आबा खोटं बोलत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण माझ्यासाठी बोलतीलही. मी त्यांच्याकडं पुष्कळदा बघते, ते नजर चुकवतात. त्यांनी आयुष्यभर नजर चुकवलीच आहे, त्यावरून काय कळणार?

आणि तू? तू त्या दिवशी कुणाचं ऐकून आलीस? आबांचं, तात्यांचं, की नुसती भूक लागली म्हणून? रागावू नकोस, पण मला याचं उत्तर कधीच मिळणार नाही, आणि त्याशिवायच मला उद्या निघायचं आहे. आज सकाळपासून रडते आहे ती त्यासाठीच.

पण इथवर लिहिता लिहिता एक गोष्ट मला दिसली. आबांनी नीरेकाठी मनात काय म्हटलं ते मला माहीत नाही. गोठ्यात जे म्हटलं ते मात्र मोठ्यानं म्हटलं, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मी राहावं असं त्यांना वाटत होतं हेही ऐकलं, आणि तरी जा म्हणाले तेही ऐकलं. मला जायला एवढा शब्द पुरतो. तुझं मन काय होतं ते तुझ्याजवळ असू दे. ती थट्टा असो नाहीतर खरं असो, आईनं लेकीला जाऊ नको म्हणावं यात चूक काय आहे? मला तर कुणीतरी तसं म्हणायला हवंच होतं.

मी परत येईनच असा शब्द तुला देत नाही. उगाच तुला खूश करायला दिलेल्या शब्दांचं काय होतं ते आपण पाहिलं. वचन देते ते दुसरं. तिकडून आबांशी बोलताना 'सगळं छान आहे' म्हणून खोटं सांगणार नाही. रडू आलं तर रडले म्हणून सांगेन. करमत नसेल तर तसं सांगेन, परत यावंसं वाटलं तर तेही तोंड उघडून सांगेन, आणि त्यांनाही तसंच बोलायला लावीन. आपल्या घरात सगळे मनातल्या मनात बोलत राहिले, आई. तूही.

म्हणून पहिलं मीच सुरू करते. घरात कुणी नाही, तरी हे वाक्य लिहिताना मी मोठ्यानं म्हणते आहे. तू गेल्यापासून कुणाजवळही म्हटलं नव्हतं.

आई, मला तुझी फार आठवण येते.

तुझी
स्वाती